कणकेच्या पावाला पाणी वाढवा

घरी पाव करण्यावरच्या एका लेखात मैद्याऐवजी तेवढीच कणीक घ्या आणि पाणी तेवढंच ठेवा असं म्हटलंय. पाव दडस होतो तो नेमका यामुळेच. कणकेतला कोंडा पाणी शोषतो, पण सावकाश. ४०० ग्रॅम मैद्याला साधारण २६० मिली पाणी पुरतं, तेवढ्याच कणकेला ३०० ते ३२० लागतं.

कणीक आणि पाणी नुसतं कालवून अर्धा तास झाकून ठेवा. कोंडा मऊ पडतो. कोरडा राहिला तर त्याच्या कडा ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, धागे तोडतात आणि पीठ हवा धरत नाही. मग ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ७ ग्रॅम मीठ, चमचाभर तेल घालून दहा मिनिटं मळा. पीठ हाताला चिकटणारच. कृपा करून वरून कोरडी कणीक भुरभुरवत बसू नका, हात ओला करा!

मळलेलं पीठ फुगायला ठेवा. दुप्पट फुगायची वाट बघू नका, दीडपट पुरे. साच्यात घातल्यावर पुन्हा फुगू द्या आणि बोटाने हलकं दाबून बघा: खळगा हळूहळू आणि अर्धवट भरून आला की लगेच ओव्हनमध्ये. खळगा तसाच राहिला तर वेळ टळून गेली, पाव मधे बसणार.

२०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. सुरी खुपसून बघण्यापेक्षा थर्मामीटर बरा, आत ९५ अंश हवेत. आणि तासभर तरी कापू नका, गरम पाव आतून चिकट लागतो, मग उगाच कच्चा राहिला असं वाटतं.