अडवाणीची २८ जगज्जेतेपदं ‘हौशी’ आहेत का?

बिलियर्ड्स आणि स्नूकर खेळणाऱ्या पंकज अडवाणीने नवं जगज्जेतेपद मिळवलं की दोन दिवसांत एक मजकूर मोबाइलवर येऊन पडतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच. ही २८ जगज्जेतेपदं हौशी स्पर्धांतली आहेत. व्यावसायिक स्नूकरपटूंच्या टूरवर, म्हणजे वर्षभराच्या स्पर्धामालिकेत, गेला तेव्हा दोन वर्षांत हरून परत आला. बिलियर्ड्स आता चार देशांत उरलंय, त्यात जिंकण्यात काय विशेष? आणि दम असता तर आपली मुलं इंग्लंडातल्या शेफील्डच्या क्रुसिबलमध्ये, म्हणजे स्नूकरचं व्यावसायिक जागतिक अजिंक्यपद होतं तिथे, दिसली असती. अडवाणीचा जन्म पुण्याचा, आणि हा मजकूर मला पाठवणारेही बहुतेक पुणेकरच. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पहिल्या मुद्द्यात थोडं खरं आहे, ते आधी मान्य करतो. २००३ साली चीनमध्ये, २०१५ साली इजिप्तमध्ये आणि २०१७ साली दोह्यात अडवाणीने स्नूकरची जी जगज्जेतेपदं जिंकली, ती आयबीएसएफ या आंतरराष्ट्रीय महासंघाची. रॉनी ओसुलिव्हन, जॉन हिगिन्स, जड ट्रम्प ही व्यावसायिक मंडळी त्या स्पर्धेत नसतात. आपल्याकडे ‘स्नूकरचा जगज्जेता’ एवढंच छापतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, याने ओसुलिव्हनला हरवलं. ही चूक बातमी देणाऱ्यांची आहे, आणि त्यांनी ती सुधारायलाच हवी. पण हौशी म्हणजे लुटुपुटूची स्पर्धा नव्हे. हीच स्पर्धा केन डोहर्टीने १९८९ साली आणि स्टुअर्ट बिंगहॅमने १९९६ साली जिंकली होती. पुढे डोहर्टी १९९७ साली आणि बिंगहॅम २०१५ साली क्रुसिबलचे विजेते झाले.

आता खरी गोष्ट. अडवाणीच्या २८ पैकी बहुसंख्य जगज्जेतेपदं स्नूकरची नाहीतच, बिलियर्ड्सची आहेत. हे दोन वेगळे खेळ आहेत. टेबल तेच, पण बिलियर्ड्समध्ये चेंडू तीनच. पॉट (दुसरा चेंडू पॉकेटमध्ये घालणं), इन-ऑफ (दुसऱ्या चेंडूला लागून आपला चेंडू पॉकेटमध्ये जाणं) आणि कॅनन (आपला चेंडू उरलेल्या दोन्हींना लागणं) या तिन्हींवर गुण मिळतात आणि ब्रेक, म्हणजे न चुकता चाललेली सलग खेळी, तासभरसुद्धा चालू शकतो. या खेळात हौशी आणि व्यावसायिक ही भिंत कधीच पडली आहे. माइक रसेल, पीटर गिलख्रिस्ट, डेव्हिड कॉझियर हे जगातले सर्वांत मोठे व्यावसायिक बिलियर्ड्सपटू, आणि अडवाणी खेळतो तो त्यांच्याशीच. २००९ साली लीड्सला झालेली स्पर्धा तर नावानेच जागतिक व्यावसायिक बिलियर्ड्स अजिंक्यपद होती. अंतिम सामन्यात अडवाणीने रसेलला २०३० विरुद्ध १२५३ असं हरवलं. ‘एकही व्यावसायिक विजेतेपद नाही’ असं लिहिणाऱ्याने हा सामना मुळात पाहिलेला नाही. २०१२ साली आयबीएसएफ आणि व्यावसायिकांची संघटना या दोघींनी आपलं अजिंक्यपद एकत्र घेतलं, आणि २०१४ साली लीड्सलाच अडवाणीने ठरावीक गुणांचं आणि ठरावीक वेळेचं अशी दोन्ही विजेतेपदं घेतली. त्या वर्षी जगात बिलियर्ड्सचं दुसरं, ‘खरं’ अजिंक्यपद शिल्लक राहिलं होतं का?

दोन संघटना मुळात का आहेत, हे या मजकुरात कधीच नसतं. इंग्लंडमध्ये १८८५ साली बिलियर्ड्स असोसिएशन निघाली आणि पुढची कित्येक दशकं नियम, मान्यता, अजिंक्यपद यांची सूत्रं तिच्या आणि तिच्या वारसदारांच्या हातात राहिली. बाहेरच्या देशांनी खेळायचं, निर्णय मात्र लंडनमध्ये. याला कंटाळलेल्या देशांनी १९७१ साली वेगळी चूल मांडली. तीच १९७३ पासून आयबीएसएफ. इकडे व्यावसायिक खेळाडूंनीही त्याच सुमारास जुन्या संस्थेपासून फारकत घेऊन डब्ल्यूपीबीएसए उभी केली. म्हणजे ‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ ही विभागणी खेळाच्या दर्जावरून पडलेली नाही. कोणी कोणाचं ऐकायचं आणि पैसा कोणाकडे जायचा, या भांडणातून ती पडली. पुण्याचेच विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात जगज्जेते झाले, तेव्हा हौशी म्हणजे बक्षिसाचा पैसा न घेणारा, असा सरळ अर्थ होता. तो अर्थ आज उरलेला नाही. शिक्का तेवढा राहिला.

तिसरा मुद्दा दुसऱ्याच्या आधी घेतो, कारण तो याच भांडणाचा पुढचा भाग आहे. बिलियर्ड्स आक्रसलं, हे खरं. पण ते सोपं किंवा हलकं होतं म्हणून नव्हे. १९३२ साली लंडनमध्ये वॉल्टर लिंड्रमने एका ब्रेकमध्ये ४१३७ गुण केले. चेंडू एकमेकांजवळ ठेवून कडेकडेने बारीक कॅनन मारत राहण्याची कला या लोकांनी इतकी घोटली होती की समोरचा खेळाडू खुर्चीवरून उठायचाच नाही. प्रेक्षक कंटाळले, आणि १९३४ नंतर व्यावसायिक अजिंक्यपद कित्येक वर्षं झालंच नाही. दोन्ही खेळांत जगज्जेता असलेला जो डेव्हिस स्नूकरकडे वळला, कारण तिकीट तिथे खपत होतं. मग १९६९ साली बीबीसीला रंगीत टीव्ही लोकांना दाखवायचा होता. हिरव्या कापडावर आठ रंगांचे चेंडू त्या कामी अगदी योग्य, तीन चेंडू नव्हेत. पुढे सिगारेट कंपन्यांचं प्रायोजकत्व आलं, १९७७ साली क्रुसिबल आलं, आणि १९८५ चा अंतिम सामना ब्रिटनमध्ये मध्यरात्रीनंतर १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीवर पाहत बसले. बिलियर्ड्स हरलं ते या बाजारात. गीत सेठीने १९९२ साली मुंबईच्या व्यावसायिक अजिंक्यपदात १२७६ चा ब्रेक केला. तिथे लागणारी एकाग्रता टीव्हीला परवडत नाही म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही. मी तरुणपणी क्लबमधल्या मार्करकाकांकडून पन्नासचा ब्रेक करायला शिकत होतो. पन्नासला पोचायला मला दोन पावसाळे लागले. बाराशे शहात्तर म्हणजे काय, हे तेव्हा कळलं.

आता दुसरा मुद्दा, ‘हरून परत आला’. अडवाणी २०१२ साली टूरवर गेला. २०१३ च्या वेल्श ओपनमध्ये त्याने उपांत्यपूर्व फेरी गाठली. मानांकन स्पर्धेत, म्हणजे जिच्यावर जागतिक क्रमवारी ठरते अशा स्पर्धेत, तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय. २०१४ साली त्याने टूरचं कार्ड (टूरवर खेळण्याचा हक्क) स्वतःहून सोडलं, आणि बिलियर्ड्स व स्नूकर दोन्ही खेळायचं, घराजवळ राहायचं, हे कारणही उघडपणे सांगितलं. त्या टूरचा व्यवहार समजून घेतला तर हा निर्णय पळपुटेपणाचा वाटणार नाही. २०१० साली ब्रिटिश क्रीडा-आयोजक बॅरी हर्न यांनी टूरच्या व्यापारी कंपनीत ५१ टक्के वाटा घेतला. मानांकन स्पर्धा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्या काही वर्षांत वीसच्या पुढे गेल्या. खेळाला त्याचा फायदा झाला, यात शंका नाही. पण तेव्हा टूरवर साधारण १२८ खेळाडू, प्रवास स्वतःच्या खर्चाने, आणि बहुतेक स्पर्धांत पहिल्या फेरीत हरलं तर हातात शून्य. हंगामाला किमान २० हजार पौंडांची हमी आली ती २०२२-२३ साली, अडवाणी परतल्यानंतर कितीतरी वर्षांनी. पात्रता फेऱ्या इंग्लंडात. अगदी इंडियन ओपनची पात्रता फेरीसुद्धा इंग्लंडात! इंग्लंडातल्या लँकेशायरच्या मुलाला ट्रेनने जाता येतं, बेंगळुरूच्या मुलाला घरदार सोडून जावं लागतं. वर करार इतका घट्ट की २०२३ साली मकाऊच्या एका प्रदर्शनीय स्पर्धेला जायला निघालेल्या, माजी जगज्जेते असलेल्या खेळाडूंनाही टूरने कारवाईचा इशारा दिला आणि त्यांना माघार घ्यावी लागली. अडवाणीकडे ओएनजीसीची नोकरी होती आणि दोन खेळांत हात होता. त्याने जे केलं ते विचार करून केलं.

राहिला क्रुसिबलचा टोमणा. मुंबईचा आदित्य मेहता २०१३ साली दिल्लीत इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोचला होता. तिथे चीनच्या डिंग जुन्हुईने त्याला ५-० हरवलं, पण मानांकन स्पर्धेची अंतिम फेरी खेळलेला भारतीय आपल्याकडे आहे, हे या मजकुराच्या लेखकाला माहीत नसावं. त्यानंतर ही स्पर्धा मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम अशी फिरत २०१९ साली कोचीला झाली, आणि तिथे थांबली. सहा वर्षांत पाच शहरं. एका गावात दोनदा मूळ धरायला दिलं नाही, तर तिथल्या मुलांनी कोणाकडे पाहून क्यू हातात धरायचा? चीनमध्ये उलट घडलं. डिंगने २००५ साली बीजिंगची स्पर्धा जिंकल्यावर तिथे स्पर्धांवर स्पर्धा आल्या, अकादम्या निघाल्या, आणि २०२५ साली झाओ शिनटाँग क्रुसिबलचा विजेता झाला. वीस वर्षं लागली, आणि तेवढी वर्षं तिथे पैसा येत राहिला.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर स्नूकरच्या जगज्जेतेपदांपुढे ‘आयबीएसएफ’ जरूर लिहा. बिलियर्ड्सपुढे मात्र ‘हौशी’ लिहू नका, आणि २००९ लीड्सच्या ओळीत माइक रसेलचं नाव घाला.