‘पाठीत इंजेक्शन का दिलं?’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की बीपी वाढलेलं असूनही बहिणीला सिझेरियनसाठी पूर्ण भूल न देता पाठीत इंजेक्शन दिलं, चुलतबहिणीला तर दुसरीकडे पूर्ण भूल दिली होती, त्याआधी तासभर ताटकळत ठेवलं, आणि भूलतज्ज्ञांचं बिल वेगळं लावलं.

बिलाचं आधी. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, त्यांची फी वेगळी असते. दाखल होताना दिलेल्या कागदावर ती लिहिलेली असते, पण अक्षर बारीक आहे. बदलून घेते.

ताईंचे रिपोर्ट इथे चारचौघांत मांडणार नाही. पण कुठल्याही गरोदर बाईचं बीपी १६०/११० च्या वर गेलं, की आम्हाला धास्ती असते ती पूर्ण भुलेचीच. पायांवर दिसते तशी सूज घशातही असू शकते, मग श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं. नळी घालताना बीपी एकदम उसळतं आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. झटके येऊ नयेत म्हणून दिलेलं मॅग्नेशियम स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल लांबवतं, तो घोर वेगळाच. पाठीत इंजेक्शन देऊन फक्त कमरेखाली दिलेल्या भुलेत हे टळतं. तिने बीपी धाडकन कोसळेल असं पूर्वी आम्हा डॉक्टरांनाही वाटायचं. प्रत्यक्षात या बायकांचं बीपी निरोगी बाईपेक्षा सहसा कमीच उतरतं.

मग तासभर कशासाठी? प्लेटलेटच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या रिपोर्टसाठी. गरोदरपणात बीपी असं चढण्याच्या आजारात (प्रीएक्लॅम्प्सिया) त्या झपाट्याने घसरू शकतात, सकाळच्या आकड्यावर संध्याकाळी विसंबता येत नाही. फार कमी असताना सुई टोचली तर मणक्यात रक्त साकळून पाय लुळे पडू शकतात. साधारण ७०,००० च्या वर असतील, घसरत नसतील, तर पाठीतलं इंजेक्शन देता येतं. नाहीतर, किंवा झटक्यांनंतर बाई शुद्धीवरच नसेल, तर पूर्ण भूलच द्यावी लागते. तुमच्या चुलतबहिणीला दुसरीकडे ती का दिली, हे तिथलेच डॉक्टर सांगू शकतील.

पण यातलं एक अक्षरही त्या तासात कुणी बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं नाही. सिस्टरनी सहीचा कागद पुढे केला, एवढंच. मी आत होते, तरी कुणाला तरी पाठवायला हवं होतं. चूक माझी. माफ करा.

फाइल घेऊन दोघं या, भूलतज्ज्ञांनाही बोलावते. आणि ताईंचं डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मध्यरात्रीही फोन करा. बाळंतपणानंतरही बीपी पुन्हा चढतं.