फक्त मूल्यमापनासाठी

संगीतातलं मला काही कळत नाही. लॅपटॉपला कळतं. एका सॉफ्टवेअरची ट्रायल उतरवून घेतली, ढोलकीचा लूप टाकला, वर तयार बासरी, मागे सिंथचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्याचा, गूढ घुमारा, आणि तीन रात्रींत तीन मिनिटांचा ट्रॅक उभा राहिला. बायको म्हणाली, "छान आहे, लिफ्टमध्ये वाजतं तसं." त्यातलं "छान आहे" तेवढं मी घेतलं.

या ट्रायलची गंमत अशी, की प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण एकदा बंद केला की विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. म्हणून तीन रात्री मी लॅपटॉप बंद केलाच नाही. टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून ठेवला आणि आम्ही दोघं घामाघूम होऊन झोपलो. चौथ्या दिवशी वेव्ह फाइल काढली, स्ट्रीमिंगवर चढवली, कमाईसंबंधी दिसेल त्या चौकटीत खूण केली आणि कलावंताच्या थाटात भाच्याला लिंक धाडली.

लगेच फोन. "मामा, तू हे मॉनेटाइझ केलंस? सॉफ्टवेअर तर ट्रायल आहे ना?"

"मग?"

"मग काही नाही. लायसन्स वाचलंस ना?"

'मला मान्य आहे' या शब्दांवर मी ज्या तत्परतेने टिचकी मारतो, त्या तत्परतेने घरात काही मान्य केलं असतं तर संसार सोन्याचा झाला असता. रात्री बारा वाजता तो करार जन्मात पहिल्यांदा उघडला. सातव्या पानावर सापडलं: ट्रायल 'फक्त मूल्यमापनासाठी', व्यावसायिक वापरास मनाई. ट्रायल म्हणजे खटलासुद्धा, हे नेमकं तेव्हाच आठवलं. मग पडल्या पडल्या जबाबाची तालीम. "मिलॉर्ड, हे गाणं खपतं का, याचंच मूल्यमापन चाललं होतं."

भाच्याने सकाळी समजावलं. "चाल तुझी, ट्रॅक तुझा. पेन बनवणारा पत्रावर हक्क सांगत नाही. पण 'लिहून बघ, धंदा करू नकोस' या बोलीवर पेन दिलं असेल, तर बोली मोडल्याबद्दल तुला धरेल." आणि प्रत्येकाची बोली निराळी. कुणी ट्रायलमधलं गाणं विकू देतं, कुणी नाही. रीपर नावाच्या अशाच सॉफ्टवेअरवाले ट्रायलचे ६० दिवस सगळं उघडं ठेवतात, आणि त्यांचं स्वस्तातलं लायसन्स धंदा करणाऱ्यालाही चालतं, वर्षाची उलाढाल २०,००० डॉलरच्या आत असली तर. ही मर्यादा वाचून मला एवढं हसू आलं, की भाच्याला वाटलं मामा खचला.

खचलो नंतर. एका अनोळखी संगीतकाराची शिवीगाळ आली, की माझ्या नावाने त्याच्या व्हिडिओवर कंटेंट आयडीचा, म्हणजे यूट्यूबच्या आपोआप गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेचा, दावा लागलाय. मी घाईत खूण केलेल्या चौकटींपैकी ती एक होती. बासरी दोघांची एकच, त्याच तयार संग्रहातली. रॉयल्टी-फ्री म्हणजे परवाना घेतलेल्या कुणीही दरवेळी मानधन न देता वापरावी अशी, एकट्याच्या मालकीची नव्हे. ज्याला स्वतःच्या परवान्याचा पत्ता नाही तो जगभर जप्ती घालत फिरत होता! दावा मागे घेतला, माफी मागितली. त्याने उलट विचारलं, ढोलकी कुठली?

आता कमाई. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय, की मागच्या १२ महिन्यांत गाणं किमान १००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर पैसे नाहीत. माझं २१२ वेळा ऐकलं गेलं होतं. त्यातले निम्मे कान माझे. म्हणजे गुन्हा घडला होता, मुद्देमाल मात्र शून्य.

तरीही झोप लागेना. कंपनीला लांबलचक कबुलीजबाब लिहिला. दोन ओळींचं उत्तर आलं: पैसे मिळवण्याआधी लायसन्स घ्या, मग ट्रायलमधलं कामही खुशाल वापरा. घेतलं. गाण्याला शंभर वर्षं पैसे मिळाले तरी वसूल होणार नाही, पण घेतलं.

आणि काय सांगू, तो बंद पडलेला प्रोजेक्ट उघडला! ढोलकी वाजली. बासरी वाजली. आता घुमारा येणार म्हणून मी डोळे मिटले, तर शांतता. पडद्यावर लाल पट्टी: 'या प्लगइनची मुदत संपली आहे.' प्लगइन म्हणजे वरून जोडलेलं सॉफ्टवेअर, म्हणजे तो सिंथ. तो दुसऱ्याच कंपनीचा होता, तोही ट्रायलवर. पट्टीखाली नव्या कराराची लिंक. एकोणीस पानं.

मी चष्मा शोधायला उठलो. बायकोने काही न बोलता टेबलफॅन उचलला आणि लॅपटॉपकडे तोंड करून ठेवला.