खाडी मेलेली नाही

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज परवा पुन्हा फिरला: 'ठाण्याची खाडी आता नाला झालीय. तिवरांमुळे डास होतात, फ्लेमिंगो घाणीवर जगतात, मासेमारी कधीच संपली. भराव टाका, लोकांना मोकळी जागा द्या.'

आधी डासांचं. डेंग्यूचा डास वाढतो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात, म्हणजे गच्चीवरच्या ड्रमात, कुंडीखालच्या ताटलीत. तिवरांत दिवसातून दोनदा भरतीचं पाणी येतं आणि ओहोटीला निघून जातं. ते तुंबतं कुठे, तर डेब्रिजने त्याची वाट अडवली तिथे. भराव टाकून डास वाढतीलच.

सांडपाण्याने शेवाळ वाढतं आणि धाकटे रोहित, म्हणजे लहान जातीचे फ्लेमिंगो, ते खातात, हे खरं. पण त्यांना उथळ पाणी आणि चिखलाचा पट्टा लागतो, आणि भरावाखाली पहिला जातो तो हाच. २०१५ साली इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ साली खाडी रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. नाल्याला हा मान कोणी देत नाही.

'मेलेली' म्हणणाऱ्यांनी ऐरोलीच्या किनाऱ्यावर ओहोटीला दहा मिनिटं उभं राहावं. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात. त्यांच्यामधून निवट्या पुढच्या परांवर रेटत सरकतो, डोक्यावरचे डोळे आत ओढून ओले करतो, दुसरा निवट्या जवळ आला की पाठीवरचा पर ताठ करतो. मासा असून पाण्याबाहेर हिंडतो! भरती लागली की चिंबोऱ्यांच्या बिळांतून आधी बुडबुडे येतात, मग पाणी. मी कितीदा पाहिलंय, तरी पाय निघत नाही.

मासळी कमी झालीय, ते कोळ्यांनाच विचारा. माझी नेहमीची मावशी सांगते, "घाण सोडतान म्हनून मासली गेली, खाडी नाय मेली, बाला." रसायनं आणि मैला सोडणाऱ्याला सोडून खाडीलाच बुजवायचं, हा कुठला न्याय? चेंदणीचा कोळीवाडा ठाण्यात रेल्वे येण्याच्या, म्हणजे १८५३ च्याही आधीचा. नारळी पौर्णिमेला नारळ अजूनही याच पाण्यात सोडला जातो.

राहिली मोकळी जागा. नवी मुंबईत धारण तलाव आहेत. भरतीला त्यांच्या झडपा मिटतात, पावसाचं पाणी तिथे थांबतं आणि ओहोटीला खाडीत उतरतं. खाडीच आखडली, तर जुलैतल्या मोठ्या भरतीच्या दिवशी ते पाणी कोणाच्या तळमजल्यात उतरवायचं, ते मेसेज पाठवणाऱ्याने सांगावं.