भुंगेऱ्याचा पंख आणि 'साधं रबर पुरे'

वळवाचा पहिला पाऊस झाला की आमच्या बीडकडे कडुनिंबा-बाभळींवर हुमणीचे भुंगेरे घोंगावतात. यंदा त्याच दिवसांत गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरला: 'किडे मारून, त्यांचे पंख चिकटवून दाब मोजणारे सेन्सर करतात. पंख म्हणजे वाळका पापुद्रा. साधं रबर पुरेल.' माझ्या विद्यार्थ्यांनीही तो पुढे पाठवला, म्हणून लिहितोय.

पंख चिकटवत नाहीत. पंखाची रचना पाहून तशी रचना साच्यातून पॉलिमरवर, म्हणजे रबर-प्लास्टिकसारख्या पदार्थावर, उठवतात.

पापुद्रा म्हणाल, तर पंखाच्या शिरांतून कीटकाचं रक्त वाहतं, मज्जातंतू जातात. पंख किती वाकला हे ओळखणारे सूक्ष्म घुमटही त्यावर असतात.

आता रबर. खरी गोम इथेच आहे. भरीव रबर दाबलं तरी त्याचं आकारमान जवळपास घटत नाही. ते फक्त बाजूला सरकतं. सपाट पातळ थराला सरकायलाही जागा नसते, त्यामुळे हलका दाब त्याला कळतच नाही. पृष्ठभागावर टोकं किंवा केस उभे केले की मध्ये हवा राहते आणि टोकं सहज दबतात. २०१० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रबराच्या थरावर सूक्ष्म पिरॅमिड उठवले, तर त्यावर ठेवलेल्या २० मिलिग्रॅमच्या माशीचं वजनही कळलं. सपाट थराला हे जमलं नसतं.

भुंगेऱ्यांच्या अनेक जातींत वरचं कवच, म्हणजे पुढच्या पंखांची टणक जोडी, अंगाला घट्ट बसतं, कारण दोन्हीकडचे बारीक केस एकमेकांत गुंततात. २०१२ साली दक्षिण कोरियातल्या सोलच्या संशोधकांनी हीच युक्ती उचलली. साधारण १०० नॅनोमीटर जाडीचे, म्हणजे आपल्या केसाहून शेकडो पटींनी बारीक तंतू, त्यावर प्लॅटिनमचा मुलामा, आणि असे दोन थर समोरासमोर गुंतवलेले. दाब पडला की जास्त तंतू एकमेकांना टेकतात, विजेला वाटा वाढतात, रोध घटतो. हा सेन्सर मनगटावर बांधला तर नाडीचा ठोका टिपतो. सरळ दाब, घसट आणि पीळ हे तिन्ही त्याला वेगवेगळे ओळखता येतात.

मात्र 'आता बीपीचं यंत्र फेकून द्या' म्हणणारेही चुकतात. सेन्सरवरचे केसासारखे तंतू पूर्ण दबले की संवेदनशीलता उतरते, आणि नाडीच्या ठोक्यावरून रक्तदाब काढायचा तर प्रत्येकाच्या बाबतीत आधी नेहमीच्या यंत्राशी ताळा घ्यावा लागतो.