उजव्या मनगटाचे मार्क

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीतल्या डान्स गेमच्या (पडद्यावरच्या नर्तकासारखं नाचायचं आणि मार्क गेमच देतो, त्या) स्पर्धेचा निकाल मी लावला. लावला म्हणजे काय, दोन टीव्हींवरचे आकडे वहीत उतरवले आणि मोठा आकडा कुणाचा ते माईकवर वाचून दाखवलं. त्याला आता वर्ष होत आलं, तरी बी विंगमधली एक सहावीतली मुलगी लिफ्टमध्ये भेटली की माझ्याकडे न बघता मजल्यांचे दिवे बघत राहते.

झालं असं की मुलं तेवीस आणि आरतीच्या आत सगळं उरकायचं. म्हणून क्लबहाऊसमध्ये दोन टीव्ही लावले. एकाला कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, आणि त्याचा हातात धरायचा छोटा कंट्रोलर. दुसऱ्यावर तोच गेम, तेच गाणं, पण कन्सोल वेगळा आणि कंट्रोलरच्या जागी मोबाईल. चिठ्ठ्या टाकल्या, निम्मी मुलं इकडे, निम्मी तिकडे. ही मुलगी मोबाईलवाल्या टीव्हीपुढे आली. फोन तिच्या बाबांचा, केवढा थोरला, वर जाड कव्हर, तिच्या मुठीत मावेना. घामाने तो दोनदा निसटता निसटता राहिला, आणि तरी ती अशी काही नाचली की आजीमंडळींनी खुर्च्या पुढे ओढल्या. साडेसहाशे मार्कांच्या फरकाने दुसरी आली. जिंकलेला मुलगाही छान नाचला होता, त्याच्याकडून काहीही घ्यायचं नाही मला. पण ती मला म्हणाली होती, "काकू, मला त्या टीव्हीवर एकदा खेळू द्या ना." आणि मी म्हणाले होते, "अगं, गेम तोच आहे."

गेम तोच नव्हता. घरी येऊन बरंच वाचलं, शोधलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

जस्ट डान्स ही या प्रकारातली सगळ्यांत गाजलेली मालिका. (ती बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीच्या पुण्याच्या स्टुडिओचाही तिच्या कामात हात आहे, हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं.) पहिला गेम २००९ मध्ये निन्टेन्डोच्या वी या कन्सोलवर आला. उजव्या हातात रिमोट धरायचा आणि पडद्यावरच्या नर्तकासारखं नाचायचं. त्या रिमोटमध्ये असतो अ‍ॅक्सेलरोमीटर. तो काय ओळखतो? वेग किती आणि कुठल्या दिशेने बदलला, एवढंच. हात डोक्यावर आहे की कमरेवर, हे त्याला दिसत नाही. एसटीत डोळे मिटून बसलं की ब्रेक कळतो, वळण कळतं, गचका तर कळतोच. पण गाडी वाईला थांबली की भुईंजला, हे खिडकीबाहेर बघितल्याशिवाय कळत नाही. रिमोटला खिडकीच नाही. अमुक क्षणी अमुक प्रकारचा गचका बसायला हवा, हे गेमला ठाऊक असतं. तो बसला की पर्फेक्ट, नाही बसला की फुली.

मग २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आला. तो कॅमेरा, त्याला हातात काही धरायचं नाही. पहिल्या किनेक्टला माणसाच्या अंगावरचे वीस सांधे दिसायचे, सेकंदाला तीस वेळा. गुडघा वाकला नाही तर त्याला कळणार. त्याच वर्षी सोनीचा मूव्ह आला, तो या दोन्हींच्या मधला: आत सेन्सर, टोकाला रंगीत चमकणारा गोळा, आणि त्या गोळ्यावर कॅमेऱ्याची नजर. पुढे मोबाईलच कंट्रोलर झाला. किनेक्टचं उत्पादन २०१७ मध्ये बंद पडलं आणि पाय बघणारा तो डोळा बहुतेक घरांतून गेला.

म्हणजे गाणं एक, स्टेप्स त्याच, आणि परीक्षक किती तऱ्हेचे! एक आंधळा, एक डोळस, एक अर्धवट बघणारा, आणि मोबाईल तर प्रत्येक घरी वेगळा. कुणाचा हलका, कुणाचा जड, कुणाचा सेन्सर तरतरीत, कुणाचा पेंगुळलेला. त्यात मोबाईलची माहिती वाय-फायवरून जाते. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर. त्यातला सेकंदाचा दहावा भाग वाटेतच गेला तर ठोक्याचा पाचवा हिस्सा गेला. आमच्या क्लबहाऊसचं वाय-फाय कसं आहे ते सोसायटीच्या ग्रुपवर रोज वाचताच तुम्ही.

मी लहानपणी नऊ वर्षं कथक शिकले. परवा भाचीच्या घरी हट्टाने एक प्रयोग केला. आधी सोफ्यावर मांडी घालून बसले आणि पडद्याकडे बघत नुसतं उजवं मनगट हलवलं. चार तारे. मग उठून जीव तोडून नाचले, पायांत तत्कार घातला, वरून गिरकी. तीन तारे. भाची लोळून हसत होती. मी पायांनी जे काही केलं ते त्या यंत्राच्या लेखी झालंच नव्हतं. उलट पायाच्या ठेक्याने हातात जो हादरा गेला त्याचे मार्क कापले गेले असणार. डावखुऱ्या मुलांचंही तेच. पडद्यावरचा नर्तक आरशासारखा नाचतो, मोजायचा हात उजवा. डाव्या हातात कंट्रोलर धरला की मोजला जाणारा हातच बदलला.

आता कुणी म्हणेल, अहो काकू, खेळ आहे तो, मजा घ्या. घेतेच की. सोफ्यावरच्या चार ताऱ्यांची मला चीड नाही. आई गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसून खेळते आणि तिलाही तारे मिळतात, हे मला फार आवडतं. मोबाईलवर खेळता येतं म्हणून कंट्रोलर न परवडणाऱ्या घरातली मुलंही खेळतात, हेही चांगलंच. माझं भांडण फक्त एका यादीशी आहे. वेगवेगळ्या यंत्रांवरचे आकडे एकाखाली एक लिहायचे आणि वर 'पहिला', 'दुसरी' म्हणायचं, ते बंद करा. टेनिस बॉलवरच्या शतकाची आणि लेदर बॉलवरच्या शतकाची आपण एक यादी करतो का? अकरावीच्या प्रवेशात एसएससी आणि आयसीएसईचे मार्क एका रांगेत लावताना सरकारची किती दमछाक झाली, आठवतंय ना? २००९ मधला ९०:१०चा कोटा (नव्वद टक्के जागा एसएससीवाल्यांना) तर हायकोर्टाने रद्दच केला. तिथे निदान पालक कोर्टात गेले. इथे सहावीतली मुलगी कुठे जाणार?

आणि हे फक्त क्लबहाऊसपुरतं राहिलेलं नाही. २०२३ मध्ये सिंगापूरला ऑलिंपिक ईस्पोर्ट्स वीक, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांचा आठवडा, झाला, त्यात जस्ट डान्सची अंतिम फेरी होती. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स, आलं. तिथे नऊ परीक्षक, आणि तंत्रापासून नावीन्यापर्यंत पाच निकष. त्या निकालांवरही लोक भांडतात, भांडावंच. पण सगळ्यांना बघणारे डोळे तेच नऊ जणांचे होते. एका नर्तिकेला डोळस परीक्षक आणि दुसरीला आंधळा, असं तिथे कुणी खपवून घेतलं नसतं.

गेम करणाऱ्यांना हे जमणार नाही असं नाही. कुठल्या कंट्रोलरवर खेळलात हे गेमला माहीतच असतं. मार्कांपुढे ते छापा आणि याद्या वेगळ्या ठेवा, एवढंच मागणं. ऑनलाइन याद्यांतही तेच.

तोवर आमच्यापुरतं ठरलं आहे. यंदा टीव्ही एकच, कंट्रोलर एकच, दर मुलानंतर फडक्याने पुसायचा. वेळ जास्त लागेल म्हणून स्पर्धा दोन संध्याकाळी. पायांचं, गिरकीचं, चेहऱ्याचं बक्षीस वेगळं, ते तीन आज्या ठरवतील. डावखुऱ्यांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही, डोकं लढवा.

बी विंगच्या त्या मुलीच्या आईला मेसेज केला. उत्तर आलं, "ती विचारते आहे, गाणं तेच ठेवणार का?" तेच ठेवलं आहे.

आणि हो, आमच्या कंट्रोलरचं एक बटण चिकटतं. कुणाकडे तसाच चांगला असेल तर दोन संध्याकाळींसाठी द्या, वॉचमनकडे ठेवलात तरी चालेल.