तुमच्याच वेलाची कृपा

आज सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तोंडली घातलेला मसालेभात पाठवला आणि सोबत निरोप दिला, "तुमच्याच वेलाची कृपा हो!" भात उत्तम होता, निरोप मात्र अजून घशाखाली उतरलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी मी रोपवाटिकेतून तोंडलीचे रोप आणले. बडोद्याच्या उन्हाळ्यात त्याला दोन्ही वेळा पाणी घातले, गांडूळखत घातले, गच्चीच्या जाळीवर चढवले. वेल माजला, पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरून गेला, पण तोंडले एकही धरेना. खंडेराव मार्केटात एका भाजीवालीला कारण विचारले, तर ती म्हणाली, "टिंडोळां जोईए छे? लई जाव ने!"

अखेर खालचे काका वर आले. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, एक फूल खुडले, उलटे धरले आणि जाहीर केले, "अहो, हा तर नर आहे!" आवाज एवढा, की समोर कपडे वाळत घालणाऱ्या बेन थबकून पाहू लागल्या, वेलाकडे नव्हे, माझ्याकडे.

"मादी फुलाच्या मागे इवलेसे तोंडले आधीच असते. इथे बघा, नुसता देठ! तोंडलीत नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. बियांचे रोप कोणते निघेल, हे फूल येईपर्यंत कळत नाही. म्हणून मादी वेलाची फांदी लावायची असते. लहानपणी तोंडली फार खाल्लीत वाटते?"

तोंडलीने बुद्धी मंद होते हा समज मलाही ठाऊक आहे, परंतु ज्याच्या वेलाला तोंडलीच लागत नाहीत त्याने मंद व्हावे तरी कशाने? संस्कृत कवींनी नायिकांच्या ओठांना ज्याची उपमा दिली ते बिंबफळ म्हणजे हेच तोंडले, पिकून लालबुंद झालेले. माझ्या नशिबी हिरवेसुद्धा नाही. रोपवाटिकेत तक्रार केली, तर उत्तर मिळाले, "शेठ, फूल तो आवे छे ने?" मोगऱ्याच्या कुंडीवर रंगीत चित्र लावणाऱ्यांना तोंडलीच्या कुंडीवर 'नर' एवढी दोन अक्षरे लिहायला काय होते? दोन वर्षांचे पाणी आणि खत कोणी भरून द्यायचे?

यंदा काकांच्या वेलाला मात्र तोंडली लगडली आहेत, कारण माझ्या फुलांवरच्या मधमाश्या थेट त्यांच्या खिडकीत उतरतात. वेल उपटतो म्हटल्यावर काका धावत वर आले. "छे, छे! भलते काही करू नका. खत कमी पडले तर सांगा."

दोनदा सांगून झाले आहे.